३८३ बांधलं, बॅलन्सर दोनदा बदलला, तरी थरथर जाईना

शेव्हरोलेचं ३८३ घनइंची व्ही-एट इंजिन, नवं बांधलेलं. बेअरिंग नवी, पिस्टन नवे, आयडलला आवाज गोड. पण २२०० आरपीएमच्या पुढे गेलं की आधी आतला आरसा थरथरायला लागतो, मग स्टिअरिंग, आणि ३००० ला पायाखालच्या पत्र्यातून मुंग्या येतात. बॅलन्सर, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावरची चकती, बदलला, फरक नाही. त्याहून महागाचा आणला, तरी फरक नाही. मध्येच पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपायला लागलं.

मी मिशिगनमध्ये राहतो. जुन्या अमेरिकन व्ही-एट गाड्यांचा नाद असलेली आपली बरीच मंडळी इथे आहेत आणि ही तक्रार त्यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकली आहे की एकदा नीट लिहून ठेवतो. शेवटचं प्रकरण माझ्या मित्राच्या पिकअपचं. त्याच्याच आधाराने सांगतो, कारण त्यात होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका एकामागून एक झाल्या.

आधी एक खुलासा. असल्या इंजिनाला आम्ही हायब्रिड म्हणतो, पण बॅटरी-मोटरवालं नव्हे. एका इंजिनाचा ब्लॉक, दुसऱ्याचा क्रँक, तिसऱ्याची हेड असं जुळवून बांधलेलं इंजिन. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकचं ३८३ ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध जुळणी. ३५० चा ब्लॉक घ्यायचा (हे आकडे इंजिनाच्या घनइंचांचे), त्याचा चार इंची बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तीस थाऊ वाढवून ४.०३० करायचा (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि ३.४८ इंच स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली चालीच्या) मूळ क्रँकऐवजी ४०० चा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवायचा. गुणाकार केला की ३८२.७ घनइंच येतात.

आता अडचण बघा. कॅटलॉग तुम्हाला गाडीचं वर्ष आणि इंजिनाचं नाव विचारतो. तुमच्या इंजिनाला एकच वर्ष नाही आणि एकच नावही नाही. माझ्या मित्राचा ब्लॉक १९७५ चा. दुकानात विचारलं, कुठलं इंजिन? हा म्हणाला, ७५ चं ३५०. त्यांनी त्या उत्तराला साजेसा बॅलन्सर दिला आणि तो अगदी बरोबर होता. फक्त तो या क्रँकचा नव्हता.

बॅलन्सर ब्लॉकला बसत नाही, क्रँकला बसतो. म्हणून विचारायचं ते क्रँकला. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

एकाच चकतीची दोन कामं

बॅलन्सर या नावानेच निम्मा घोळ होतो. या चकतीचं मूळ काम वजन तोलण्याचं नाहीच. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँक किंचित पिळला जातो आणि उलट सुटतो, ओला पंचा पिळून सोडावा तसा. व्ही-एटमध्ये एका फेरीत चार स्फोट होतात. ६००० आरपीएमला सेकंदाला शंभर फेऱ्या, म्हणजे चारशे झटके. क्रँकची स्वतःची पिळाची लय या झटक्यांशी जुळली की पीळ वाढत जातो. तो शोषून घ्यायला पुढच्या टोकावर एक जड कडं लावतात आणि हब व कडं यांच्यामध्ये रबर किंवा घट्ट सिलिकॉन द्रव ठेवतात. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१० च्या सुमारास या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुण्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर काम करताना आम्ही याला सरळ डॅम्पर म्हणायचो आणि तेच नाव जास्त खरं आहे.

दुसरं काम काही इंजिनांतच असतं. पिस्टन-रॉडचं वजन तोलायला क्रँकवर जी काउंटरवेट असतात, ती ब्लॉकमधल्या जागेत पुरेशी मोठी करता आली नाहीत, तर उरलेलं वजन बाहेर टाकतात: थोडं पुढे डॅम्परवर, थोडं मागे फ्लायव्हीलवर किंवा फ्लेक्सप्लेटवर (ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असते ती पातळ प्लेट). याला एक्स्टर्नल बॅलन्स म्हणतात. सगळं वजन क्रँकवरच असेल तर तो इंटर्नल.

जाणवते ती थरथर जवळजवळ नेहमी या दुसऱ्या कामातल्या चुकीची असते. पहिलं काम बिघडलं, म्हणजे डॅम्पर निकामी झाला, तर सीटवर बसून बहुधा काही कळत नाही. कळतं ते नंतर: फ्लायव्हीलचे बोल्ट सैल होतात, टायमिंग चेन लवकर झिजते, आणि एखाद्या दिवशी क्रँकचं पुढचं नाक तडकतं. म्हणून 'थरथरत नाही, म्हणजे डॅम्पर ठीक' असं समजू नका.

तुमचा क्रँक कुठल्या घरचा?

स्मॉल ब्लॉक शेव्हीत तीन घराणी आहेत. १९८५ पर्यंतचं ३५०: मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं, बॅलन्स इंटर्नल, पुढे-मागे कुठेच जादा वजन नाही. १९८६ पासून मागचं सील अखंड झालं, त्यासाठी क्रँकचा मागचा फ्लँज गोल केला आणि तिथलं वजन फ्लेक्सप्लेटवर गेलं. त्यामुळे पुढचा डॅम्पर वजनाविना, मागची प्लेट वजनासह. आणि १९७० ते १९८० मधलं ४००: पुढे वजन, मागेही वजन. ४०० चा मूळ डॅम्पर आठ इंची असतो आणि उलटा केला की कड्यात चंद्रकोरीसारखी खोलगट खाच दिसते. ती दिसली की समजा, हा एक्स्टर्नलचा आहे.

३८३ साठी आज बाजारात मिळणारे क्रँक मात्र दोन्ही प्रकारचे असतात. नुसतं बघून ओळखता येईलच असं नाही. म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कागद मागा. वापरलेला क्रँक असेल तर बॅलन्सिंगचं कार्ड मागा. मित्राला विकणाऱ्याने 'इंटर्नल आहे' असं सांगितलं, कार्ड हरवलं म्हणाला, आणि सोबत फ्लेक्सप्लेट फुकट दिली. त्या फ्लेक्सप्लेटच्या कडेला वजनाची पट्टी वेल्ड केलेली होती. इंटर्नल क्रँकबरोबर वजनाची प्लेट कशाला? खरं उत्तर त्या पट्टीतच होतं, पण तेव्हा कोणी नीट पाहिलं नाही.

फोर्डवाल्यांचा घोळ आकड्यांचा आहे. ३०२ ला १९८० पर्यंत २८ औंस-इंच बाहेरचं वजन, १९८१ पासून ५०. ३५१ विंडसर मात्र २८ वरच राहिलं. आणि ३०२ च्या ब्लॉकमध्ये ३.४० इंच स्ट्रोक टाकून जे ३४७ बांधतात, त्याचे क्रँक २८ चेही मिळतात, ५० चेही. तिथेही ब्लॉकवरचं वर्ष काही सांगत नाही.

औंस-इंच म्हणजे वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर. आकडा लहान वाटतो म्हणून लोक म्हणतात, चालून जाईल. गणित करून बघा. एक औंस-इंच असमतोल ६००० आरपीएमला सुमारे २९ किलोचा जोर लावतो. २८ च्या क्रँकला ५० चा डॅम्पर लावला तर फरक २२ चा. ३००० आरपीएमला तो क्रँकच्या नाकावर सुमारे १६० किलो होतो आणि ६००० ला जवळपास ६४० किलो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. तोही प्रत्येक फेरीत दिशा बदलत. बेअरिंग हे किती दिवस सोसणार?

इंजिन बाहेर काढायच्या आधी

गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, आरपीएम वाढवा. थरथर राहिली तर टायर, प्रोपेलर शाफ्ट वगैरे सुटले. मग इंजिन थंड असताना सगळे बेल्ट काढून मिनिटभर चालवा. पाण्याचा पंप बंद असतो, त्याहून जास्त नको. थरथर तशीच असेल तर पंखा, अल्टरनेटर, पंप निर्दोष. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट काढून तो मागे सरकवा आणि पुन्हा चालवा. आता उरलं फक्त इंजिन, डॅम्पर आणि प्लेट. मिसफायर असेल तर तो आयडलला जास्त जाणवतो आणि वेग वाढला की विरून जातो. असमतोल नेमका उलट वागतो.

एवढं झालं की खालून डोकवा. प्लेटला वजन आहे का? डॅम्परच्या मागे खाच किंवा वजनाची पट्टी आहे का? एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, आणि मागचं सील दोन तुकड्यांचं, तर जोडी चुकलेलीच आहे. मित्राचं तसंच होतं. पण दोघांपैकी चुकीचं कोण? क्रँक खरंच इंटर्नल असेल तर प्लेट चुकीची. एक्स्टर्नल असेल तर डॅम्पर. अंदाजाने ४०० चा डॅम्पर लावून पाहता आला असता. मी त्याला नको म्हणालो. दोन हजार मैल तो तसाच फिरला होता आणि बेअरिंगची अवस्था पाहणं भागच होतं.

इंजिन बाहेर काढलं. पहिल्या मेन बेअरिंगचा शेल हातात घेतला तर वरचा करडा थर गेला होता आणि खालचा तांबूस धातू पट्ट्यासारखा चमकत होता. सर्वात पुढचं बेअरिंग, म्हणजे डॅम्परच्या सगळ्यात जवळचं. त्याने तो शेल खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाला, "अरे, आणखी महिनाभर चालवली असती तर?" मशीन शॉपमध्ये क्रँक बॅलन्सिंग मशीनवर चढला आणि कळलं: क्रँक एक्स्टर्नलच. प्लेट बरोबर होती. दोन्ही वेळा आणलेले डॅम्पर वजनाविनाचे होते.

इथे दोन वाटा असतात. काउंटरवेटमध्ये छिद्रं पाडून टंगस्टनच्या सळया ठोकून क्रँक इंटर्नल करून घ्यायचा. टंगस्टन स्टीलच्या जवळपास अडीचपट जड, पण खर्चही तसाच. किंवा वजनाचा डॅम्पर आणि वजनाची प्लेट अशी जोडी लावायची. ६५०० च्या वर नेहमी फिरवणार असाल तर मी पहिली वाट धरेन, कारण टोकांना लटकवलेलं वजन क्रँकला वाकवतं. रस्त्यावरच्या पिकअपला दुसरी पुरते. मात्र एक्स्टर्नल बॅलन्स करून घेताना मशीन शॉपला नुसता क्रँक देऊ नका. डॅम्पर आणि प्लेटही द्या, तुम्ही जे खरोखर लावणार तेच. ते क्रँकवर चढवूनच मशीन फिरवतात.

थरथर गेली, पण गाडी ओढेना

आठ इंची वजनाचा डॅम्पर बसवला, थरथर गेली. दुसऱ्या दिवशी फोन: गाडी मंद चालते, एक्झॉस्ट तापतो. टायमिंग लाइटने बघितलं तर ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या ३६ अंश आधी, म्हणजे जुन्या स्मॉल ब्लॉकला ठीक.

हा दुसरा सापळा फार जणांना माहीत नसतो. डॅम्परवरची टीडीसीची (पिस्टन अगदी वर पोचल्याची) रेघ चावीच्या खाचेपासून (चावी म्हणजे डॅम्पर क्रँकवर फिरू नये म्हणून मध्ये बसवलेला धातूचा तुकडा) नेहमी सारख्या अंतरावर नसते. १९६८ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉक डॅम्परवर ती खाचेच्या सुमारे दोन अंश आधी असे, १९६९ पासून दहा अंश आधी. त्याप्रमाणे टायमिंग कव्हरवरच्या टॅबची, म्हणजे अंशांच्या खुणा असलेल्या पट्टीची, जागाही बदलली. आठ अंशांचा फरक. जुना टॅब आठ इंची कड्याला घासत होता, म्हणून मित्राने नवा घेतला. तो आठ इंचाचाच होता, पण जुन्या रेघेसाठीचा. त्यामुळे ३६ दिसत होतं तिथे प्रत्यक्षात २८ होतं. हीच चूक उलट दिशेने झाली असती तर इंजिन ठोकायला लागलं असतं आणि पिस्टन गेले असते.

म्हणून डॅम्पर कुठलाही बसवा, अगदी नवाकोरा असला तरी, टीडीसी स्वतः शोधा. बॅटरी सोडा, सगळे प्लग काढा. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला. क्रँक हाताने हळूच फिरवा, पिस्टन टेकला की टॅबच्या शून्यासमोर कड्यावर खूण करा. उलट फिरवा, पुन्हा टेकला की दुसरी खूण. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. आठ इंची कड्याच्या घेरावर एक अंश म्हणजे पावणेदोन मिलिमीटर, त्यामुळे साधी कागदी पट्टी गुंडाळून मोजलं तरी चालतं. आमच्या दोन खुणांचा मध्य छापील रेघेपासून १४ मिलिमीटर दूर निघाला, म्हणजे बरोबर आठ अंश.

मागवण्यापूर्वी मोजायच्या गोष्टी

क्रँकचं नाक मायक्रोमीटरने मोजा. स्मॉल ब्लॉकचं सव्वा इंचाला किंचित कमी असतं. पण काही ताकदवान फोर्ज्ड क्रँकना मुद्दाम बिग ब्लॉकचं १.६०० इंची नाक दिलेलं असतं, त्याला डॅम्पर आणि खालचं टायमिंग गिअर दोन्ही वेगळी लागतात. डॅम्परचं भोक नाकापेक्षा साधारण एक थाऊ लहान हवं. हाताने सरकून बसत असेल तर तो परत पाठवा. ठोकूनच बसेल इतका घट्ट असेल तर मशीन शॉपला होन करायला द्या.

हातोडी मात्र अजिबात नको. मागच्या थ्रस्ट बेअरिंगवर घाव बसतो आणि डॅम्परचं रबर सुटतं. मधला बोल्ट आवळून ओढून घ्यायचीही खोड सोडा, सुरुवातीला जेमतेम तीन-चार आटे धरलेले असतात, ते निघून आले की क्रँक लेथवर न्यावा लागतो. बसवायचं स्क्रूवालं टूल भाड्याने मिळतं. काढताना जबड्याचा पुलर बाहेरच्या कड्याला लावू नका, हबमधल्या आट्यांना बोल्ट लावून ओढणारा वापरा. बसल्यावर बोल्ट ६० फूट-पाउंडला. जुन्या काही क्रँकना नाकात आटेच नसतात, डॅम्पर नुसता दाबून बसवलेला असतो. परफॉर्मन्स बांधणीत तसं ठेवू नका, आटे पाडून घ्या.

सीलचं झिरपणं दोन जागी बघा. पुढचं सील डॅम्परच्या हबवर घासतं, तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. पातळ स्टीलची दुरुस्ती स्लीव्ह मिळते, ती चढवा. दुसरं, चावीच्या खाचेतून तेल बाहेर येतं, बसवताना तिथे सिलिकॉन सीलंटचा एक ठिपका पुरतो.

पुलीची खोलीही मोजा. जुने आखूड वॉटर पंप आणि नंतरचे लांब पंप यांच्या पुल्या एकमेकांच्या रांगेत येत नाहीत, बेल्ट उडतो आणि दोष डॅम्परला जातो. एलएस इंजिनांत (शेव्हरोलेच्या नंतरच्या पिढीच्या व्ही-एटमध्ये) तर हाच मुख्य प्रश्न आहे: तिथे बॅलन्स इंटर्नलच असतो, पण कॉर्व्हेटच्या मानाने कमॅरोचा डॅम्पर पाऊण इंच पुढे आणि ट्रकचा दीड इंच पुढे असतो. शिवाय कारखान्याच्या एलएस डॅम्परला चावी नसते, तो नुसत्या घट्टपणावर टिकतो. बेल्टवर चालणारा सुपरचार्जर लावणार असाल तर पिन करून घ्या.

प्रकार कुठला घ्यावा? रबरवाला एका ठरावीक लयीसाठी जुळवलेला असतो. स्ट्रोक वाढला की क्रँक पिळाला नरम होतो. ३५० मध्ये मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो तो भाग) आणि क्रँकपिन (जिथे रॉड जोडतात तो भाग) एकमेकांवर अर्ध्या इंचाहून थोडे जास्त, ०.५३५ इंच, चढलेले असतात, ३८३ मध्ये ते ०.४०० वर येतं. लय बदलली, जुना डॅम्पर मात्र जुन्याच लयीचा. म्हणून ३८३ वर जुन्या ३५० चा काढलेला डॅम्पर, वजन जुळत असलं तरी, मला पटत नाही. सिलिकॉन द्रवाचा डॅम्पर विस्तृत पट्ट्यात काम करतो आणि बदलत्या जुळण्यांना सोयीचा पडतो, पण त्याच्या बाहेरच्या कवचाला पोचा पडला तर तो लगेच बाद समजायचा. शर्यतीत उतरणार असाल तर एसएफआय १८.१ (शर्यतीच्या डॅम्परसाठीचं सुरक्षा प्रमाण) चा शिक्का बघून घ्या, आणि त्या वेगाला जुनं ओतीव लोखंडी कडं वापरूच नका. ते फुटलं तर बॉनेट फाडून बाहेर येतं.

डॅम्पर रबराचा असेल तर बसवल्यावर हबपासून रबरावरून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. मित्राने मुलीचं लाल नेलपॉलिश वापरलं. पाचशे मैलांनी बॉनेट उघडून बघा. रेघ रबरापाशी तुटून सरकलेली दिसली तर कडं घसरतंय, टायमिंगची रेघ खोटी झाली आहे आणि तो डॅम्पर त्याच दिवशी उतरवा. रेघ ओढण्याआधी जागा कोरड्या कापडाने नीट पुसून घ्या, तेलकट पृष्ठभागावर नेलपॉलिश आठवडाभरही टिकत नाही.